तक्ता वाचता आला म्हणजे नजर चांगली?

आपल्या भागात दरवर्षी नेत्रतपासणीची शिबिरे होतात. कधी शाळेत, कधी देवस्थानच्या सभागृहात, कधी पंचायतीच्या घरात. भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावतात, समोर खुर्ची ठेवतात आणि एकेक डोळा झाकून अक्षरे वाचून घेतात. ज्याला शेवटची ओळ वाचता येते त्याला 'डोळे उत्तम' असे सांगून घरी पाठवतात. ज्याला येत नाही त्याला चष्मा मिळतो आणि मोतीबिंदू पिकलेला असेल तर शस्त्रक्रियेची तारीख मिळते. हे काम चांगलेच आहे व ते चालू राहिले पाहिजे. परंतु एक आजार असा आहे की तो झालेला माणूस या तक्त्याची शेवटची ओळ खुशाल वाचतो, 'डोळे उत्तम' हा शेरा घेऊन समाधानाने घरी जातो आणि काही वर्षांनी आंधळा होतो. त्या आजाराचे नाव काचबिंदू. आपल्या शिबिरांनी या आजाराचा विचार केला पाहिजे, असे आग्रहाने सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे सारखी वाटतात, म्हणून लोक एकाच आजाराची दोन नावे समजतात. प्रत्यक्षात दोन्हींत फार अंतर आहे. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते. ते काढून कृत्रिम भिंग बसवले की नजर परत येते. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू सुकते. या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. त्यातला जो तंतू मेला तो मेला, तो पुन्हा जिवंत करण्याचा उपाय आज जगात कोठेही नाही. बऱ्याच रुग्णांत डोळ्यातील दाब वाढल्याने हे घडते. हा दाब आणि आपले ब्लड प्रेशर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोळ्यातील दाब साधारण १० ते २१ च्या दरम्यान असतो. मात्र दाब या मर्यादेत असूनही काचबिंदू होणारी माणसे पुष्कळ आहेत, म्हणून नुसता दाब मोजून 'तुम्हांला काही नाही' असे सांगता येत नाही.

हा आजार कळत का नाही? पहिले कारण म्हणजे बहुतेकांना काही दुखत नाही. काचबिंदूच्या एका प्रकारात दाब एकाएकी वाढतो, डोळा लाल होतो, असह्य ठणका लागतो, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. तो रुग्ण त्याच दिवशी डॉक्टर गाठतो. बाकीचे मुकाट्याने नजर गमावत राहतात. दुसरे कारण असे की, नजर मधोमध न जाता आजूबाजूने जाते. वाचायला, सुईत दोरा ओवायला, माणूस ओळखायला मधली नजर लागते आणि ती बहुधा शेवटपर्यंत टिकते. गेलेल्या असतात त्या कडा. असा माणूस कुळागरात पायाखालचा दगड न दिसून ठेचकाळतो, डोक्याजवळची फांदी न दिसून तिच्यावर आपटतो, जिन्याची शेवटची पायरी चुकतो. घरचे म्हणतात, वय झाले, आता जपून चालावे. स्वतः त्यालाही तसेच वाटते. पण हाच माणूस स्कूटर काढून मुख्य रस्त्याला लागला आणि बाजूने येणारा ट्रक त्याला दिसलाच नाही, तर त्याचे खापर आपण वयावर फोडणार काय? आता तर मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून पेडण्याच्या रस्त्यांवर वाहनांचा वेगही वाढला आहे.

'नजरेचा तुकडा गेला तर तिथे काळे दिसेल की, मग कळणार कसे नाही?' असा प्रश्न मुले विचारतील. प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर मुलांना घरीच मिळवता येईल. कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली काढा. तिच्या सरळ रेषेत उजवीकडे आठ सेंटिमीटरवर एक ठळक ठिपका काढा. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे पाहा आणि कागद हळूहळू जवळ आणा. साधारण तीस सेंटिमीटरवर ठिपका नाहीसा होईल. गंमत अशी की, त्या जागी भोक किंवा काळा डाग दिसणार नाही, कोरा कागदच दिसेल. डोळ्याची नस जिथून बाहेर पडते तिथे पाहण्याची शक्ती नसते. ही जागा आपल्या प्रत्येकाच्या डोळ्यात असते आणि तिला अंधबिंदू म्हणतात. सतराव्या शतकात एडम मारिओट या फ्रेंच शास्त्रज्ञाने तो शोधून काढला. जन्मभर आपण ही उणीव घेऊन वावरतो आणि ती कधी जाणवत नाही, कारण मेंदू आजूबाजूच्या चित्राने ती बुजवून टाकतो. एका डोळ्याला जे दिसत नाही ते दुसरा डोळा पाहतो, हेही आहेच. काचबिंदूत नेमके हेच घडते. नजरेत खिंडारे पडत जातात आणि मेंदू ती बुजवत जातो. म्हणून रुग्णाला विचारून हा आजार कळत नाही. तो मोजूनच काढावा लागतो.

हे मोजण्याच्या पद्धतीला दृष्टिक्षेत्र चाचणी म्हणतात. इस्पितळात तिला 'फील्ड टेस्ट' म्हणतात. समोर एका जागी नजर स्थिर ठेवली असता वर, खाली, डावीकडे, उजवीकडे जेवढे दिसते ते आपले दृष्टिक्षेत्र. कानाच्या बाजूला ते नव्वद अंशांहूनही थोडे पुढे जाते, नाकाच्या बाजूला साठ अंशांच्या आसपास थांबते. या चाचणीचा इतिहासही जाणून घेण्यासारखा आहे. आपल्या पेडणे तालुक्यातील मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी लाड १८५१ साली मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर होऊन बाहेर पडले. त्याच साली हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण जगापुढे मांडले आणि आतली नस जिवंत माणसात प्रथमच नीट दिसू लागली. पाच वर्षांनी, १८५६ मध्ये, फॉन ग्रेफे या नेत्रवैद्याने रुग्णांचे दृष्टिक्षेत्र मोजण्यास आरंभ केला. १८८९ मध्ये डेन्मार्कच्या ब्येरूम यांनी तर आपल्या तपासणीच्या खोलीचे दारच पडदा म्हणून वापरले. दारासमोर रुग्ण बसवायचा आणि लहान पांढरी वस्तू फिरवून ती कुठे दिसते, कुठे नाहीशी होते हे टिपून घ्यायचे. काचबिंदूत कमानीच्या आकाराचे खिंडार पडते हे त्यांनी त्या दाराच्या मदतीने दाखवून दिले. पुढे १९४५ मध्ये स्वित्झर्लंडच्या गोल्डमान यांनी अर्धगोल वाडग्यासारखे यंत्र बनवले आणि १९७० नंतर त्याला संगणकाची जोड मिळाली. आज इस्पितळात दिसते ते यंत्र त्याच वंशातले.

चाचणीत सुई नाही, वेदना नाही, डोळ्याला काही टोचत नाही. एक डोळा झाकतात, हनुवटी टेकवून पांढऱ्या वाडग्यासमोर बसवतात आणि हातात एक बटण देतात. नजर मधल्या दिव्यावर ठेवायची. आजूबाजूला कुठेही बारीक प्रकाशाचा ठिपका चमकला की बटण दाबायचे. नेहमीच्या एका प्रकारात अशा चोपन्न जागा तपासतात. एका डोळ्याला साधारण पाच मिनिटे, कधी थोडा अधिक वेळ लागतो. एवढी सोपी गोष्ट, पण आपले आजी-आजोबा तिथे गोंधळतात आणि त्याची कारणे आहेत. ठिपका शोधायला ते डोळे फिरवतात. बराच वेळ ठिपका दिसला नाही की घाबरतात आणि अंदाजाने बटण दाबू लागतात. त्यांना आधीच सांगून ठेवावे की, सर्व ठिपके दिसावेत अशी अपेक्षाच नसते. किती अंधुक प्रकाश दिसतो हे यंत्राला शोधायचे असते, म्हणून जवळजवळ निम्मे ठिपके न दिसण्याइतके फिके असतात. पापणी मिटायला हरकत नाही. थकवा आला तर बटण दाबून धरून थोडे थांबता येते. ही परीक्षा नव्हे, तिच्यात नापास कोणी होत नाही, हे आपल्या बोलीत शांतपणे समजावले तर म्हातारी माणसे उत्तम चाचणी देतात. घाईघाईने किंवा त्यांना न कळणाऱ्या भाषेत सूचना दिल्या तर कागदावर भलतेच उमटते.

म्हणूनच एका चाचणीवर कोणी घाबरून जाऊ नये. पहिल्या खेपेस बहुतेकांचा हात बसलेला नसतो, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस निकाल सुधारतो. मोतीबिंदू असेल तर सगळेच फिके येते. पापणी खाली उतरलेली असेल तर वरच्या बाजूस काळे उमटते. कागदावर बाजूला एक गडद जागा तर सर्वांच्याच असते, तो वर सांगितलेला अंधबिंदू. याच्या उलट, चाचणी निर्दोष आली म्हणून पूर्ण निर्धास्तही राहता येत नाही. नसेतील पाव ते एक तृतीयांश तंतू गेल्यानंतरच नेहमीच्या चाचणीत दोष उमटू लागतो, असे अभ्यासात आढळले आहे. यासाठी चांगला डॉक्टर तीन गोष्टी एकत्र पाहतो : डोळ्यातील दाब, आतल्या नसेचे रूप आणि दृष्टिक्षेत्र. शिवाय आजची चाचणी मागच्या चाचणीशी ताडून पाहतो. जुने कागद सांभाळून ठेवणे म्हणूनच औषधाइतके महत्त्वाचे आहे. आपल्याकडे सोन्याच्या दुकानाची पावती वीस वर्षे जपून ठेवतात आणि डोळ्यांचा कागद महिन्याभरात रद्दीत जातो.

आजार किती पसरला आहे? भारतात चाळिशीवरील सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा, असा अंदाज २०१० मध्ये तज्ज्ञांनी मांडला होता. संख्येपेक्षा दुसरी गोष्ट अधिक बोचते. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने दक्षिण तामिळनाडूतील खेड्यांत चाळिशीवरील ५,१५० लोकांची पाहणी केली, तिचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना काचबिंदू निघाला त्यांतल्या ९० टक्क्यांहून अधिक लोकांना तोवर आपल्याला हा आजार आहे याचा पत्ताच नव्हता. आपली खेडी त्या खेड्यांहून फार वेगळी आहेत असे मानायला काही आधार नाही.

'बरा होणारच नाही, तर कळून काय उपयोग?' असेही काही वडीलधारे म्हणतात. त्यांना स्वीडनमधील एका अभ्यासाची माहिती द्यावीशी वाटते. १९९३ पासून तिथे आरंभीच्या अवस्थेतील २५५ रुग्णांचे दोन गट केले. एकाला दाब कमी करणारे उपचार दिले, दुसऱ्यावर केवळ बारीक लक्ष ठेवले. सुमारे सहा वर्षांनी पाहिले तेव्हा उपचार न घेतलेल्यांपैकी ६२ टक्क्यांचा आजार पुढे सरकला होता, उपचार घेतलेल्यांत तो ४५ टक्क्यांचा सरकला होता. दाब जेवढा उतरेल तेवढा धोका कमी होतो, हेही त्यात दिसले. म्हणजे गेलेले परत मिळत नसले तरी उरलेले राखता येते. साठाव्या वर्षी आजार सापडलेला माणूस ऐंशीव्या वर्षी स्वतःच्या पायांनी देवळात जाईल की नातवाचा हात धरून, हा फरक लहान नाही. मात्र थेंब रोज आणि जन्मभर घालावे लागतात. त्यांनी नजर वाढत नाही, म्हणून रुग्ण कंटाळून सोडून देतो. इथे घरच्यांनी पाठीशी उभे राहिले पाहिजे.

धोका सर्वांना सारखा नसतो. ज्याच्या आईवडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना काचबिंदू आहे त्याला तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असते. चष्म्याचा उणे नंबर मोठा असणाऱ्यांनीही सावध राहावे. मुलांच्या बाबतीत दोन गोष्टी पालकांनी लक्षात ठेवाव्यात. डोळे खाजतात, लाल होतात म्हणून औषधांच्या दुकानातून परस्पर थेंब आणून महिनोन्‌महिने घालण्याची सवय आपल्याकडे आहे. यांतल्या कित्येक थेंबांत स्टेरॉइड असते. खाज लगेच थांबते, पण काही मुलांत दाब चढतो आणि शाळकरी वयात काचबिंदू होतो. दुसरे, क्रिकेटचा चेंडू किंवा विटी डोळ्याला जोरात लागली असेल तर सूज उतरल्यावर विषय संपत नाही. अशा डोळ्यात काही वर्षांनीही दाब वाढू शकतो, म्हणून तो अधूनमधून तपासून घ्यावा.

आता एक नाजूक गोष्ट. घराण्यात डोळ्यांचा आजार आहे हे आपल्याकडे लपवतात. मुलीच्या स्थळाला अडचण येईल ही भीती त्यामागे असते. त्यामुळे 'आजोबांना शेवटी दिसत नव्हते' एवढेच नातवंडांना ठाऊक असते, का दिसत नव्हते ते कोणी सांगत नाही. ज्या माहितीमुळे पुढच्या पिढीची नजर वाचेल तीच माहिती आपण मानापोटी पुरून टाकतो. काचबिंदू हा कलंक नव्हे. वेळीच सापडला तर संसार, नोकरी, शिक्षण सर्व काही त्याच्यासह नीट चालते.

या सर्वांचा शाळेशी काय संबंध, असे विश्वस्त मंडळी विचारतील. संबंध असा की, एकेका मुलामागे आई, वडील, आजी, आजोबा अशी चार-सहा माणसे आपल्या संस्थेला जोडलेली आहेत. एवढ्या घरांत एकाच वेळी पोचणारी दुसरी जागा गावात नाही. मग संस्थेने दृष्टिक्षेत्राचे यंत्रच का घेऊ नये, असा विचार एखाद्या उदार दात्याच्या मनात येईल. माझे स्पष्ट मत आहे की तसे करू नये. एक साधे गणित पाहू. समजा, शंभरात तीन माणसांना आजार आहे आणि यंत्र दर शंभर निरोगी माणसांपैकी दहांना चुकून संशयित ठरवते. हजार माणसे तपासली तर खरे रुग्ण तीस आणि उगाच धास्तावलेले निरोगी सत्त्याण्णव! शिवाय यंत्राला जाणता माणूस लागतो, देखभाल लागते. वर्षातून एक दिवस चालणारे यंत्र उरलेले दिवस कपाटात धूळ खाईल आणि त्यावरची दात्याच्या नावाची पाटी तेवढी चकचकीत राहील. दृष्टिक्षेत्र चाचणीचे मोल तिच्या नियमितपणात आहे आणि ती डॉक्टरांच्या हाताखालीच झाली पाहिजे.

आपल्याला यंत्रापेक्षा यादीची गरज आहे. वार्षिक शिबिरास मुलांबरोबर चाळिशीवरील पालकांना व आजी-आजोबांना बोलवावे. येणाऱ्या डॉक्टरांना तक्त्याबरोबरच डोळ्यातील दाब मोजण्याची व नस पाहण्याची विनंती आधीच करावी. ज्यांच्या घरात काचबिंदू आहे त्यांची यादी शाळेच्या एका जबाबदार व्यक्तीने गुप्तपणे ठेवावी. वर सांगितलेली स्थळांची भीती लक्षात घेता ही गुप्तता काटेकोर पाळली पाहिजे. संशयितांना म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात नेण्यासाठी संस्थेने वर्षातून काही दिवस गाडी द्यावी. यंत्र कोणत्या दिवशी मिळेल हे आधी विचारून घ्यावे. पेडण्याहून किंवा डिचोलीहून बांबोळी गाठायची म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा अख्खा दिवस जातो. बाहुली मोठी करणारे थेंब घातले तर परतताना स्कूटर चालवता येत नाही, सोबत माणूस लागतो. रोजंदारीवरच्या घरात त्या माणसाची एका दिवसाची मजुरी बुडते. पुष्कळ तपासण्या एवढ्या कारणानेच राहून जातात. आणि शेवटची गोष्ट, एक वही. कोण गेले, काय निघाले, पुढची तारीख कोणती, हे तिच्यात लिहावे आणि सहा महिन्यांनी विचारपूस करावी. शिबिराचे छायाचित्र वर्तमानपत्रात एक दिवस येते, वही वर्षानुवर्षे काम करते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडेही एक काम आहे. आज घरी गेल्यावर फुली-ठिपक्याचा प्रयोग सर्वांना करून दाखवा आणि मग चार प्रश्न विचारा. आपल्या घरात कोणाला काचबिंदू होता का? चाळिशीनंतर डोळ्यांतील दाब आणि नस कधी तपासली आहे का? घरात डॉक्टरांना न विचारता डोळ्यांत थेंब कोण घालते? ज्यांना थेंब दिले आहेत ते रोज घालतात का? या प्रश्नांना 'माहीत नाही' असे उत्तर आले तर पुढच्या सुट्टीत आजी-आजोबांना डॉक्टरांकडे नेण्याचा हट्ट धरा. खेळण्यासाठी, मोबाइलसाठी तुम्ही हट्ट धरता आणि तो बहुधा पुरवला जातो. हाही पुरवला जाईल.